शौर्य आणि अविचार

समोर मरण दिसत असताना लढायला जाणे हे शौर्य की अविचार, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांच्या अखेरच्या उड्डाणाने तो पुन्हा उभा केला. १४ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी श्रीनगरच्या हवाई तळावर हल्ला चढवला. १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे सेखों नॅट विमानासह तेथे सज्ज होते. जोडीतला अधिकारी आधी झेपावला होता. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच सेखोंही उडाले. जमीन सोडणाऱ्या विमानाला वेग नसतो, उंची नसते, वळायला जागा नसते. वरच्या शत्रूला याहून सोपे लक्ष्य मिळत नाही. तरीही त्यांनी लगेच दोन सेबर विमानांना गाठले. अखेर संख्याबळापुढे नॅट कोसळले आणि सेखों हुतात्मा झाले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात क्षत्रियाच्या गुणांमध्ये शौर्याबरोबर धैर्य, दक्षता आणि युद्धातून पळ न काढणे हेही आहेत. मात्र त्याच अध्यायात परिणाम, हानी आणि स्वतःचे सामर्थ्य न जोखता मोहाने आरंभलेले कर्म तामस ठरवले आहे. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे परिणामाचा विचार सोडणे नव्हे. वीरमरणाच्या गौरवात हा भेद फार सहज पुसला जातो.

या कसोटीवर सेखोंचे कर्म तामस ठरत नाही. वैमानिकाला खंदकात आसरा मिळाला असता, विमानाला नाही. जमिनीवरचे नॅट म्हणजे शत्रूला आयते लक्ष्य. शस्त्र म्हणून त्याचा उपयोग आकाशातच होता. शिवाय जोडीदार वर एकटा होता. धोका मोठा होता, पण त्यामागचे कारण त्याहून मोठे होते.

ॲरिस्टॉटलने आणखी एक अट घातली आहे. अनुभवी व्यावसायिक सैनिक शूर वाटतात, पण संकट त्यांच्या कौशल्याबाहेर गेले की ते आधी पळतात. म्हणून नुसते कौशल्य म्हणजे शौर्य नव्हे. सेखोंकडे कौशल्य होतेच. शत्रूच्या संख्याबळापुढे ते पुरेसे नव्हते, आणि जिथे ते अपुरे पडले तिथेही सेखों लढत राहिले.

सेबर विमानांचे नेमके किती नुकसान झाले, याबद्दल दोन्ही देशांच्या नोंदी जुळत नाहीत. युद्धेतिहासाला तो आकडा हवा. शौर्याचा निर्णय मात्र त्यावर अवलंबून नाही, कारण निवड झाली ती धावपट्टीवर, सेखोंची पहिली गोळी सुटण्याआधी. सेखोंना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. हा सन्मान मिळालेले ते भारतीय हवाई दलातील एकमेव अधिकारी आहेत.