मोळी, आंघोळ आणि नैतिक वाढ

जडणघडणीच्या कादंबरीविषयी बोलताना आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो. नायक प्रारंभी अजाण असतो, अनुभवाने त्याची जाण वाढत जाते आणि ही वाढ म्हणजेच कृतीचा आशय होय. मात्र या रचनेत सामाजिक अन्यायाचा प्रवेश झाला की एक अवघड प्रश्न उभा राहतो. अन्याय सोसतो एक आणि त्यातून शहाणा होतो दुसरा. मग या शहाणपणाची किंमत कोणी मोजली, आणि ज्याने मोजली त्याच्या स्वतःच्या वाढीचे काय झाले? मराठी समीक्षेने हा प्रश्न संस्कारवादी पुस्तकांच्या संदर्भात फारसा विचारलेला दिसत नाही.

'श्यामची आई' हे त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण. अस्पृश्य मानलेल्या जातीतील एका म्हातारीची मोळी खाली पडली आहे. ती डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. प्रसंग एवढाच आहे. यावर दोन प्रकारची भाष्ये ऐकू येतात. एक पक्ष काळाच्या मर्यादेचा हवाला देऊन आंघोळ माफ करतो. दुसरा पक्ष त्या आंघोळीवर बोट ठेवून सगळे पुस्तकच बाद करतो. दोघांनाही आंघोळ हा प्रसंगावरचा डाग वाटतो. माझ्या मते ती प्रसंगाची किल्ली आहे. करुणेचा एक धर्म आहे आणि सोवळ्याचा दुसरा. आई दोन्हींचे देणे चुकते करते. म्हातारीची मोळी डोक्यावर चढते, घराचे सोवळेही सुटत नाही. करुणा आणि नियम यांची गाठ पडण्यापूर्वीच त्यांच्या मध्ये पाण्याची कळशी येते. श्याम वाढतो हे खरे; पण त्याच्या वाढीमुळे गावातला एकही नियम हललेला नाही. उद्या मोळी पुन्हा पडली तर म्हातारीला पुन्हा एखाद्या श्यामचीच वाट पाहावी लागणार. अर्थात, आंघोळीचा तपशील गाळणे लेखकाला सहज शक्य होते, तरी त्याने तो गाळला नाही, ही प्रामाणिकपणाची बाजूही नोंदवली पाहिजे.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले, असे आपण कौतुकाने सांगतो. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि हे लेखन चालू असताना तो प्रश्न मिटलेला नव्हता, हे मात्र त्या कौतुकात येत नाही. तुरुंगाच्या भिंतीआड मोळी उचलून देण्याची गोष्ट लिहिली जात होती. भिंतीबाहेर तीच माणसे स्वतःच्या हक्काने दरवाजापाशी उभी होती. पुस्तक प्रसिद्ध झाले १९३५ मध्ये. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली.

या संदर्भात मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. हकची सदसद्विवेकबुद्धी गुलामगिरीच्या समाजाने घडवली आहे. जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र तो लिहितो आणि मग फाडून टाकतो. असे केल्याने आपण नरकात जाणार याविषयी त्याच्या मनात शंका नाही, तरी तो ते पत्करतो. तत्त्वज्ञ जोनाथन बेनेट यांनी १९७४ मध्ये हकच्या सदसद्विवेकबुद्धीवर निबंध लिहून दाखवले की हक आपली चुकीची नीती सोडत नाही. सहानुभूतीपुढे तो तिच्याशी फक्त बेइमान होतो. श्यामशी तुलना केली तर फरक उघड होतो. हकला घरी येऊन आंघोळ करण्याची सोय नाही. त्याची करुणा आणि त्याचा धर्म यांत त्याला एक निवडावे लागते, आणि निवडीची किंमत, निदान त्याच्या समजुतीप्रमाणे, त्यालाच द्यायची आहे.

पण ट्वेनही शेवटी आंघोळीची व्यवस्था करतोच. अखेरच्या प्रकरणांत टॉम सॉयर येतो आणि जिमच्या सुटकेचा पोरखेळ मांडतो. वास्तविक जिम मालकिणीच्या मृत्युपत्राने आधीच मुक्त झालेला असतो. टोनी मॉरिसन यांनी १९९२ च्या 'प्लेइंग इन द डार्क'मध्ये या शेवटाचे मर्म सांगितले: हकच्या वाढीला जिमचे बंधन हवे असते, म्हणून कादंबरीला त्याची सुटका लांबवावी लागते. पर्सिव्हल एव्हरेट यांनी २०२४ मध्ये तीच कथा 'जेम्स' या कादंबरीत जिमच्या तोंडून सांगितली, आणि जगभरच्या समीक्षेला तो मोठा उलटफेर वाटला.

मराठीत हा उलटफेर कितीतरी आधी झाला. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यात मोळी आहे, ती विकणाऱ्या महार स्त्रिया आहेत आणि ती विकत घेणारे ब्राह्मण घरही आहे. लाकडाला एखादा केस किंवा चिंधीचा धागा चिकटून राहिला तर घर विटाळेल, म्हणून काठी न् काठी पाहून घ्या, असे त्या स्त्रियांना बजावले जाते. 'श्यामची आई'तली म्हातारी ज्या अंगणांतून आली असेल ते हे अंगण. इथे मोळी कोणाच्या डोक्यावर चढवून देण्याची वस्तू राहत नाही. ती दिवसभराची मेहनत, तिचा भाव आणि वर अपमान यांचा हिशेब होते. आणि या लेखिकेला अजाण असण्याची मुभा कधी मिळालेलीच नाही. श्यामला शिवाशिव हळूहळू कळते. ज्याला शिवायचे नाही त्याला ती चालता येऊ लागते तेव्हाच कळलेली असते. अजाणता हे जडणघडणीच्या कादंबरीचे भांडवल असेल, तर ते सर्वांना सारखे वाटलेले नाही. म्हणूनच 'बलुतं'मध्ये (१९७८) वाढीचा आलेख निरागसतेकडून जाणिवेकडे जात नाही. दगडू मारुती आणि दया पवार अशी एकाच माणसाची दोन माणसे होतात. बेबी कांबळे यांच्याकडे आणखी वेगळे घडते. त्या आपल्याच समाजातल्या सासू-सुनांच्या छळाकडे तितक्याच कठोरपणे पाहतात. नैतिक वाढ तिथे आहे, पण तिचा कर्ता 'मी' नसून 'आम्ही' आहे.

या दोन टोकांच्या मधे एक पुस्तक उभे आहे आणि ते ठाणे जिल्ह्यातले आहे. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). पुण्याच्या सुस्थित घरातली शिकलेली बाई वारल्यांमध्ये जाते; २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात झरी येथे परिषद होते; वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध लोक उभे राहतात. (यातला बराच मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) ही कादंबरी नव्हे, अनुभवकथन आहे. पण शीर्षक पाहावे. जागा होणारा 'माणूस' म्हणजे निवेदिका नव्हे. तिच्या लेखनात मार्गदर्शकाचा सूर अधूनमधून डोकावतो हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही वाढीचे श्रेय तिने ज्यांचे त्यांना दिले आहे. ती वारल्यांच्या झोपड्यांत राहिली, त्यांचे अन्न खाल्ले. परत येऊन धुऊन टाकावे असे काही तिने मागे ठेवले नाही.

साने गुरुजींविषयी एक गोष्ट राहते. १ मे १९४७ रोजी त्यांनी विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण सुरू केले. ते १० मे रोजी सुटले. चौदा वर्षांपूर्वी आंघोळीने जो हिशेब मिटवला होता तो त्यांनी स्वतःच पुन्हा उघडला, आणि या वेळी तारण आपला देह ठेवला. पुस्तकात अपुरी राहिलेली वाढ लेखकाच्या चरित्रात पुरी झाली असे म्हणता येईल काय? अंशतःच. काळारामच्या दरवाजात जे उभे होते त्यांना दुसऱ्याच्या उपोषणाने मिळालेला प्रवेश हवा होता की नाही, हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी येवल्यानंतर आपल्या कृतीने सांगितलेच होते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पदव्युत्तर वर्गांत आज 'श्यामची आई' आजीच्या तोंडून ऐकलेली मुले बसतात, त्यांच्याशेजारी जयंतीच्या मिरवणुकीत वाढलेली मुले बसतात, आणि मुरबाड-शहापूरकडून येणारी, ज्यांच्या घरातून मोळी बाजारात गेली आहे अशीही बसतात. २०१० च्या ठाण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष उत्तम कांबळे यांच्या एका पुस्तकाचे नाव 'आई समजून घेताना' असे आहे. तिथे शिकवणारी आई नाही, तिला उशिरा शिकू पाहणारा मुलगा आहे. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र ही पुस्तके बहुधा वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत वाटली जातात: एक संस्कारसाहित्य, दुसरे दलित साहित्य, तिसरे चळवळीचे साहित्य. मोळीचा प्रसंग आणि बेबी कांबळे यांचे अंगण एकाच तासाला, एकाच बाकावर उघडून वाचले तर श्यामच्या आईविषयीचा आदर कमी होईल अशी भीती काही अध्यापक व्यक्त करतात. मला तसे वाटत नाही. त्या तासाला म्हातारीविषयी प्रथमच काही विचारले जाईल: ती कोणाच्या घरी निघाली होती, मोळीला भाव काय मिळायचा, आणि मोळी डोक्यावर आल्यावर, मागे वळून आंघोळीला निघालेल्या त्या मुलाकडे पाहून तिला काय वाटले असेल.