माती, भट्टी आणि कारंज्याचे नाव

भिंतीवरचे सिरॅमिकचे कारंजे मागणीवरून घडते तेव्हा ते एकाच घरासाठी, एकाच भिंतीच्या मापाने घडते. मागचा उभा पाट, पाणी सोडणारे मुख आणि खालचे कुंड हे त्याचे भाग. दडवलेला पंप कुंडातले पाणी पुन्हा वर चढवतो. या कामात एक जुना तात्त्विक प्रश्न प्रत्यक्ष हाताळावा लागतो: ओली माती आणि भट्टीतून निघालेली वस्तू एकच की दोन?

स्टोनवेअरची माती वाळताना आणि भाजताना मिळून सुमारे १२ टक्के आकसते. त्यामुळे ६० सेंटिमीटरचा पाट हवा असेल तर ओला पाट सुमारे ६८ सेंटिमीटरचा घ्यावा लागतो. ग्राहकाने मागितलेले माप ओल्या मातीत नसतेच; ते कारागिराच्या हिशोबात असते. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळी महिन्यांत वाळवणी लांबते, आणि घाईने भट्टीत गेलेला जाड भाग आतल्या वाफेने फुटतो. सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत कणांशी रासायनिक रीत्या बांधलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर ती माती भिजवून पुन्हा मळता येत नाही. १२०० अंशांच्या पुढे कण अंशतः वितळून एकजीव होतात.

भाजणीत नेमके काय बदलते, यावर वैशेषिक आणि नैयायिक या दोन भारतीय दर्शनपरंपरांत मतभेद होता. वैशेषिकांचा पीलुपाकवाद सांगतो की अग्नीमुळे मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांतून नवे मडके जुळते. हे इतक्या झपाट्याने घडते की डोळ्यांना कळत नाही. नैयायिकांच्या पिठरपाकवादानुसार मडके अखंडच राहते. अग्नी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो, म्हणूनच भाजल्यावर ‘हे तेच मडके’ अशी ओळख पटते. आजचे रसायनशास्त्र दोघांनाही थोडे थोडे खरे ठरवते: घाट टिकतो, पण आतली रचना नवी होते.

वेदान्तात हाच प्रश्न छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातून आला. तिथे उद्दालक आपला मुलगा श्वेतकेतू याला मातीच्या एका गोळ्याचा दाखला देतो: तो गोळा जाणला की मातीचे सारे काही जाणले जाते. शंकराचार्यांच्या मते घडा हा विकार, म्हणजे मातीचे बदललेले रूप, केवळ नावापुरता. सत्य ती माती. चेन्नईच्या कोसापेटमध्ये घडणाऱ्या कच्च्या मातीच्या गणेशमूर्ती या विचाराला जवळच्या आहेत. विसर्जनानंतर आकार आणि नाव विरघळतात, माती उरते. भाजलेले कारंजे मात्र असे परतत नाही. फुटले तरी त्याची खापरे होतात, चिखल होत नाही.

चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे श्रीपेरुंबुदूर हे वेदान्ताचेच दुसरे आचार्य रामानुजाचार्य यांचे जन्मस्थान. परंपरेने त्यांचे जन्मवर्ष १०१७ मानले जाते. आपल्या श्रीभाष्य या ग्रंथात ते उपनिषदातल्या त्याच वचनाचा वेगळा अर्थ लावतात. घड्याने पाणी आणायचे असते. हा व्यवहार साधावा म्हणून तीच माती विशिष्ट आकार आणि नाव धारण करते. द्रव्य एकच, पण त्याची नवी अवस्था खरी. नाव पोकळ नाही.

मागणीवरून घडणाऱ्या वस्तूला हे विवेचन सर्वांत चपखल बसते, कारण तिथे गरज आधी आणि आकार नंतर येतो. न्यायदर्शनाच्या परिभाषेत माती हे समवायी कारण, म्हणजे ज्यातून वस्तू घडते ते द्रव्य, आणि कुंभार हे निमित्तकारण, म्हणजे घडवणारा. पण ६८ सेंटिमीटरची ओली माती ६०च्या कारंज्याशी जोडून ठेवतो तो पाणी वाहते करण्याचा हेतू. ग्राहकाने तो सांगितलेला असतो आणि कारागिराने स्वीकारलेला असतो. मुखाचा उतार चुकून पाणी भिंतीवर ओघळले, तर उत्तम भाजलेली ती वस्तू शोभेचा पाटच राहते. पाणी मुखातून नीट कुंडात पडते, तेव्हा ‘कारंजे’ हे नाव तिला खऱ्या अर्थाने लागू होते.