चवळीचं माहेर

चवळी तासभर भिजली की सालं सुटायला लागतात. दाणे दोन्ही तळव्यांत चोळायचे, वर पाणी घालायचं, तरंगलेली सालं ओतून द्यायची आणि पुन्हा चोळायचं. काळ्या डोळ्याचा दाणा पांढराशुभ्र होईपर्यंत हात थांबवायचा नाही. मग कांदा-मिरचीसकट अगदी थोड्या पाण्यात बारीक वाटायचं. नायजेरियात त्यासाठी ताजी झणझणीत मिरची घेतात; आपल्याकडे भिजवलेली संकेश्वरी आहेच. खरं काम त्यानंतरचं. पीठ हातानं फेटत राहायचं. बेसन नाही, सोडा नाही, पीठ हलकं होतं ते फेटण्यानंच. थेंबभर पीठ पाण्यात तरंगलं की झालं. उडदाच्या वड्याचं पीठ आपल्या आज्ज्या असंच पारखत आल्या. मीठ मात्र अगदी तळायच्या वेळी, नाहीतर कांद्याला पाणी सुटून पीठ सैल पडतं.

हा अकारा, चवळीचा तळलेला वडा. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची ही सकाळची न्याहारी. मक्याच्या किंवा ज्वारीच्या आंबवलेल्या पेजेबरोबर खातात. बेळगाव-निपाणीकडच्या ज्या घरात आंबील होते, त्या घराला ही जोडी नवी वाटणार नाही.

वाटूही नये. चवळी मूळची आफ्रिकेतलीच. घानातल्या उत्खननात तिचे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दाणे मिळाले आहेत. ज्वारी तिकडची, नाचणीही तिकडची. भाकरी आणि चवळीची उसळ हे आपलं अगदी घरचं जेवण, आणि त्याचं बियाणं समुद्रापलीकडून आलेलं. ते कुणी आणलं, कुणाच्या गाठोड्यातून आलं, त्यांची नावं कुठेच उरली नाहीत.

दुसऱ्या समुद्रावर मात्र काही आठवण उरली. गुलाम करून ब्राझीलला नेलेल्या बायकांनी तिथं हेच वडे पामतेलात तळून रस्त्यावर विकले. त्या मिळकतीतून कित्येकींनी स्वतःची आणि आपल्या माणसांची सुटका विकत घेतली. बाहियामधल्या या विक्रेत्या बायकांच्या कसबाला ब्राझील सरकारनं २००५ मध्ये राष्ट्रीय वारशात नोंदवलं. तळणीच्या कामाला असा मान मिळाल्याचं वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आपल्या किनाऱ्यावरही आफ्रिकेतून माणसं आणली गेली. पोर्तुगीजांच्या गोव्यातून कित्येक जण निसटले आणि घाटातल्या जंगलात राहिले. या भागात सिद्दी म्हणतात ते बहुतेक त्यांचेच वंशज. हल्याळ, यल्लापूर आणि आपल्या खानापूर तालुक्यातही त्यांची घरं आहेत. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावं लागलं. चवळी आपण ती कोण, कुठली, हे न विचारता स्वयंपाकघरात घेतली. तिच्याच मातीतल्या माणसांना मात्र इतकं ताटकळत ठेवलं, हे मला सलतं. खानापूर बेळगावहून सकाळी निघून न्याहारीच्या वेळेला पोचण्याइतकं जवळ आहे, आणि तिथल्या सिद्दी घरांत चुलीवर काय शिजतं हे आपल्यातल्या फार थोड्यांनी कधी विचारलं असेल.