आडनावातले गाव

गावावरून पडलेले आडनाव गावात पडत नाही, गाव सुटल्यावर पडते. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीत कोणी शेजाऱ्याला फुलसावंगीकर म्हणून हाक मारत नाही. तिथे माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावावरून, घरावरून, शेतावरून, धंद्यावरून, जातीवरून. तोच माणूस पुसदच्या बाजारात, यवतमाळच्या कचेरीत किंवा पुण्याच्या चाळीत गेला की लोक आधी गाव विचारतात आणि मग ते गावच त्याला चिकटते. वर्तमानपत्रे ‘फुलसावंगीकरांची मागणी’ असे छापतात, तेही बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेने. ‘कर’ हा प्रत्यय वरवर पाहता ‘तिथे राहणारा’ असे सांगतो, पण आडनावात तो आला की बहुधा ‘तिथून निघालेला’ असेच सांगत असतो. सुटलेल्या गावाशी माणसाने कोणते नाते ठेवावे, हा प्रश्न त्यामुळे नुसता समाजशास्त्राचा राहत नाही. महाराष्ट्रातल्या धर्मपंथांनी त्याला निरनिराळी, काही वेळा एकमेकांविरुद्ध उत्तरे दिली आहेत.

देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही आडनावे वतनाची. गावात किंवा परगण्यात एखाद्या घराण्याचा हक्क काय होता, ते त्यांवरून कळते. गावाच्या नावाची आडनावे हा हक्क मागे राहिल्याची खूण असतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचे नाव नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांमुळे नागपूर-मुंबईच्या रंगभूमीवर पोहोचले. वणीचे राम शेवाळकर यांचे घराणे मूळचे धर्माधिकारी. धर्मनिर्णयाच्या अधिकारावरून पडलेले ते नाव मागे पडले आणि शेवाळा या गावाचे नाव पुढे चालू राहिले. अधिकार गावापुरता असतो. गाव सोडले की त्याचा उपयोग संपतो, आणि उरते ते फक्त कुठून आलो एवढे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत ही नावे बरीच सैल होती. एकाच घरातला एक भाऊ वतनाचे नाव लावी, दुसरा गावाचे. शाळेचा दाखला, कोर्टाचे कागद, पलटणीची नोंद आणि जमिनीचे दप्तर यांनी ती पक्की केली. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तेव्हापासून तिथे हे काम वेगाने झाले. त्या वेळी जे नाव कारकुनाच्या वहीत पडले, तेच पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले.

अशा आडनावावरून कूळ ओळखता येत नाही, हे धर्मशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे. सावंगी नावाची गावे विदर्भात आणि मराठवाड्यात जागोजागी आहेत. फुलसावंगी, वर्ध्याजवळची सावंगी मेघे अशी जोडनावे लागली ती म्हणूनच. वेगवेगळ्या सावंग्यांतून निघालेली, जातीने आणि गोत्राने पूर्ण निराळी घरे शहरात एकच ‘सावंगीकर’ आडनाव लावू शकतात. उलट एका कुळाच्या तीन शाखा तीन गावांत गेल्या, तर त्यांची आडनावे तीन होतात. म्हणून लग्न जुळवताना जुनी माणसे आडनावावर थांबत नसत. गोत्र, देवक, कुळी आणि कुलदैवत विचारत. सगोत्र विवाहावरची शास्त्राची बंदी 1946 च्या कायद्याने उठवली, तरी देवकाची चौकशी आजही अनेक घरांत होते. आडनाव माणसाने दिलेले, देवक पूर्वजांकडून आलेले, असा भेद त्यामागे आहे.

फुलसावंगीच्या पंचक्रोशीतच या गावठाणी ओळखीला मोठे अपवाद आहेत. पुसद, महागाव, दिग्रस हा बंजारा समाजाच्या दाट वस्तीचा पट्टा. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही त्यांची नावे कुळांची आहेत, गावांची नाहीत. तांडा बहुधा नायकाच्या नावाने ओळखला जाई. लदेणीवर बैल घेऊन देशभर फिरणाऱ्या लोकांना एका गावाशी बांधणारे नाव उपयोगाचे नव्हते. त्यांची श्रद्धा सेवालाल महाराजांशी आणि वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीशी जोडलेली आहे. गोंडांमध्ये तर कुळांची वाटणीच देवांच्या संख्येवर होते. चार, पाच, सहा किंवा सात देव मानणारी कुळे असतात, आणि समान संख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही. माणूस कुठल्या गावचा यापेक्षा तो किती देवांचा हे तिथे आधी कळावे लागते. एकाच आठवडी बाजारात भेटणाऱ्या लोकांत ‘तू कोण’ या प्रश्नाची इतकी वेगळी उत्तरे असावीत, ही या भागाची खरी श्रीमंती आहे.

गावावरून आडनाव लावणाऱ्या हिंदू घरांत सुटलेल्या गावाची जागा धर्माने भरून काढली ती कुलदैवताच्या रूपाने. फुलसावंगीहून जाऊन पैनगंगा ओलांडली की माहूरचा गड लागतो. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुका तिथे आहे. तिची पूर्ण मूर्ती नाही, शेंदूर चढवलेला भव्य मुखवटा आहे. परशुरामाने पित्याचा देह कावडीत घालून अंत्यविधीसाठी योग्य भूमी शोधत माहूर गाठले, रेणुका तिथे सती गेली आणि नंतर पुत्राला दर्शन देताना तिचे केवळ मुख भूमीतून वर आले, अशी कथा आहे. म्हणजे माहूरची देवीही मूळची माहूरची नव्हे. तीही प्रवासाच्या शेवटी तिथे पोचली.

नवरात्रात घरोघर घट बसतात, परडी भरली जाते, जोगवा मागितला जातो. गडावर विड्याची पाने सुपारी-कातासह कुटून केलेला तांबूल देवीला देतात आणि तोच प्रसाद म्हणून मिळतो. रेणुका ज्यांची कुलस्वामिनी, ती घरे साताऱ्यापासून नागपूरपर्यंत पसरली आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्यांचे आडनाव माहूरकर आहे. आडनावाचे गाव एक आणि कुलदैवताचे गाव दुसरे, हाच सर्वसाधारण प्रकार. पहिले कोणत्या वाटेने आलो ते दाखवते, दुसरे कुठे परत जायचे ते ठरवते. लग्नानंतरचे दर्शन, बाळाचे जावळ, नवस फेडणे यांसाठी माणसे ज्या गावी जातात, तिथे त्यांची जमीन नसते, भावकी नसते. तरी तिथे गेल्याशिवाय कार्य पुरे झाले असे वाटत नाही. हरवलेल्या गावापेक्षा हे नाते टिकाऊ ठरले, कारण ते मालकीवर उभे नाही.

देवालाच गाव सोडावे लागले तर काय होते, हे गोव्यात दिसते. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये नदीपलीकडे प्रियोळला हलवण्यात आला. मग ती जागाच मंगेशी झाली. दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव तिथून घेतले. त्या आडनावात गाव आहे, आणि त्या गावात आपले गाव सोडून आलेला देव आहे.

कुळाचाराचा हा सगळा विचार महानुभाव पंथाने मुळातून नाकारला. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी स्वतः गुजरातेतल्या भडोचचे. राजवैभव आणि घर सोडून ते महाराष्ट्रात आले आणि आयुष्यभर फिरत राहिले. त्यांच्या आचारसूत्रांत साधकाने स्वदेशाचा, स्वतःच्या गावाचा आणि त्याहूनही विशेष म्हणजे नातेवाइकांचा संबंध तोडावा, अशी आज्ञा आहे. ओळखीच्या ठिकाणी माणसाचा अहंकार पोसला जातो. तिथे त्याला मान आहे, वैर आहे, भावकी आहे, कोणाचा तरी मुलगा म्हणून किंमत आहे. अनोळखी गावात भिक्षेची झोळी घेऊन उभे राहिले की यातले काहीच उपयोगी पडत नाही. एका जागी पाय रोवू नये, देशाच्या टोकाशी झाडाखाली आयुष्य काढावे, असा त्या शिकवणीचा रोख आहे. तरीही चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहण्यास सांगितले. कानडी आणि तेलंगी मुलखात जाण्यास मना केले. गाव त्याज्य, पण देश नव्हे. कारण जिथे विषयांचे आकर्षण कमी आणि धर्माचरणाला वाव अधिक, ती भूमी साधनेला उपकारक, असा हा विचार आहे. भूमीला किंमत आहे ती साधनेपुरती. जन्म तिथे झाला म्हणून नव्हे.

याच पंथाचे कवी मात्र गावांच्या नावांनी ओळखले जातात. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘शिशुपाळवधा’चा कर्ता भास्करभट्ट बोरीकर, ‘ज्ञानप्रबोधा’चा कर्ता विश्वनाथ बाळापूरकर. गावसंबंध सोडलेल्या माणसांना गावाचे नाव का राहावे, याचे उत्तर अवघड नाही. ज्याने बोरी सोडली तोच बोरीकर होऊ शकतो. सोडलेल्याची ओळख सांगायला इतरांना काही तरी खूण लागते आणि ती खूण बहुधा सोडलेल्या गोष्टीचीच असते. त्या नावावर कवीचा अभिमान उरत नाही, फक्त पंथबंधूंची सोय असते. हा फरक बारीक असला तरी महानुभाव विचारात तो निर्णायक आहे.

इटलीत हेच घडले. व्यापाऱ्याच्या मुलाने बापाची संपत्ती आणि घर टाकले, आणि जग त्याला असिसीचा फ्रान्सिस म्हणू लागले. रोमानो, जेनोव्हेसे, मिलानेसे यांसारखी इटालियन आडनावेही रोम, जेनोवा, मिलान इथून बाहेर गेलेल्यांना इतर गावांनी दिलेली असत. रोममध्ये सगळेच रोमन, तिथे ते नाव वेगळेपण दाखवू शकत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवणे प्रत्येक चर्चला बंधनकारक केल्यावर ही नावे अधिक पक्की झाली. वऱ्हाडात जे काम सरकारी दप्तराने केले, ते तिथे तीन शतके आधी पाद्र्याच्या वहीने केले.

वारकऱ्यांचे उत्तर महानुभावांच्या आणि कुळाचाराच्या मधले आहे. ज्ञानदेवांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त देणारे हैबतबाबा आरफळकर साताऱ्याकडच्या आरफळचे. देहूकर, आजरेकर, शिरवळकर ही फडांची नावेही गावांची. वारीत गाव सोडावे लागत नाही. दिंडी गावाचे नाव घेऊनच चालते आणि पंढरीला पोचल्यावर सगळ्या गावांची मिळून एकच ओळख उरते. दरवर्षी निघणे आणि दरवर्षी परतणे यांमुळे गाव बंधनही होत नाही आणि परकेही होत नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने गावाची आडनावे घेतली, पण त्यांना कुलदैवत नव्हते. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही नावे रायगड जिल्ह्यातल्या गावांची. त्यांच्या परंपरेनुसार जहाज फुटून वाचलेले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि बुडालेल्यांना तिथेच पुरले. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. सिनेगॉगमध्ये तोराजवळ बोलावताना मात्र किहीमकर किंवा पेणकर असा पुकारा होत नाही. ‘अमक्याचा मुलगा अमका’ असे हिब्रू नाव घेतात. बाजारात गाव आणि देवापुढे वंश, अशा दोन ओळखी त्यांनी एकमेकींत मिसळू न देता वागवल्या.

गावाचा सर्वांत कठोर विचार ज्यांच्याशी जोडला जातो, त्यांचे आडनावही गावाचेच आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे नाव सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणून शाळेत आंबडवेकर अशी नोंद झाली आणि पुढे तिचे आंबेडकर झाले. त्यांचा जन्म 1891 मध्ये महूच्या छावणीत झाला. आंबडवे त्यांच्यासाठी बापजाद्यांचे गाव होते, राहण्याचे नव्हे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी ग्रामपंचायती राज्याच्या गौरवाचा समाचार घेतला आणि राज्यघटनेने गाव नव्हे, व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केले. वेशीबाहेर राहणाऱ्या माणसाला गावाने काय दिले, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो कुळाचाराच्या समर्थकांना टाळता येत नाही. ज्या कुलदैवताच्या गाभाऱ्यात शिरता येत नव्हते, त्याच्याकडे परत जाण्यात काय अर्थ, हेही त्यात येते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेणाऱ्यांनी जुने देव सोडले, आडनावे बहुतेकांनी सोडली नाहीत. आडनावातले गाव आणि त्या गावातले दैवत ही एकच वस्तू नाही, हे या घटनेने उघड केले.

स्त्रियांच्या बाबतीत या प्रश्नाला वेगळीच धार येते. लग्नानंतर तिचे आडनाव, गोत्र आणि कुलदैवत एकदम बदलत आले. ज्या गावावरून नवऱ्याचे आडनाव पडले ते तिने पाहिलेलेही नसते, आणि जे तिने खरोखर सोडले त्या माहेरच्या गावाचे नाव तिला मिळत नाही. पुरुषाचे आडनाव कोणा पूर्वजाच्या निघून जाण्याची आठवण ठेवते. स्त्रीचे स्वतःचे निघून जाणे नोंदवण्याची कोणतीही रीत नव्हती. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे कायदा सांगत नाही. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरवला. आईचे नाव त्यामुळे दाखल्यावर आले. शेवटचे गाव मात्र बहुतेक घरांत अजून वडिलांकडचेच असते.