उभ्या गाडीला हार

विश्रांती हा मान आहे की शिक्षा, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी अजून निकालात काढलेला नाही. कारण उघड आहे. ही मंडळी मुळात खुर्चीत बसून विचार करतात. खुर्चीविरुद्ध निकाल द्यायचा तर आधी उठावं लागेल. आपल्या भाषेनेही या बाबतीत घोळच घालून ठेवला आहे. माणूस काम करेनासा झाला की तो 'बसून आहे' म्हणायचं आणि गाडी काम करेनाशी झाली की ती 'उभी आहे' म्हणायचं. चालू गाडी हा कौतुकाचा विषय. चालू माणूस शेजारी बसला तर मात्र आपण पाकीट चाचपतो.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो एका पिकअपच्या रूपाने.

जुन्नर-आंबेगावकडची पिकअप म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं. पुढे दोन माणसांची (म्हणजे चौघांची) केबिन आणि मागे उघडा हौदा. या हौद्यात ओतूरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बटाटा, लग्नाचं वऱ्हाड, भजनी मंडळ आणि आजारी म्हैस हे सगळं एकाच आठवड्यात आळीपाळीने जाऊ शकतं. पूर्वी या सगळ्याला सरसकट 'टेम्पो' म्हणत. ते खरं तर आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीचं नाव. कंपनीने २००५ साली ते बदलून फोर्स मोटर्स केलं, पण मराठी माणसाने आपल्या बाजूने टेम्पो काही सोडला नाही. अजूनही सामान हलवायचं म्हटलं की तो 'टेम्पो'च बोलावतो, मग दारात येणारी गाडी कुणाचीही असो.

तर आमच्या मामांची पिकअप १९९८ सालची. मामांचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी. सतरा वर्षं त्यांनी ती गाडी स्वतः हाकली. 'हाकली' हा त्यांचाच शब्द. त्याआधी बैलगाडी होती ना. रात्री ओतूरहून कांदा भरायचा, धुक्यातून माळशेज उतरायचा आणि उजाडता उजाडता कल्याण गाठायचं, हा त्यांचा परिपाठ. २०१५ साली त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ छातीत एक स्प्रिंग बसली आणि दोन्ही मुलांनी एकमुखाने जाहीर केलं, "आबा, आता तुम्ही फक्त आराम करायचा."

मुलं गुणी आहेत, यात शंका नाही. त्यांनी आबांसाठी ओसरीवर नवी बाज आणली, उशाला पंखा लावला. गाडीही विकली नाही. "आबांची गाडी आहे, भंगारात घालायची नाही," असं म्हणून अंगणातल्या चिंचेखाली सावलीत उभी केली. बाज आणि पिकअप समोरासमोर आली. पुढची आठ वर्षं ही दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

दर दसऱ्याला मात्र दोघांचाही थाट असे. पिकअपचं नुसतं तोंड धुवायचं, बोनेटला हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि चाकाखाली लिंबू ठेवायचं. चाक फिरणारच नव्हतं, त्यामुळे ते लिंबू संध्याकाळी सरबताला उपयोगी पडे. मग आपट्याची पानं घेऊन सगळे आबांच्या पाया पडत. पूजा दोघांनाही मिळाली. डिझेल कुणालाच नाही. कांदा आता विकायचा की अराखीत टाकायचा, हे विचारायला बाजेपाशी कुणी जात नसे. "त्यांना कशाला त्रास?" हे त्यामागचं कारण. पलीकडे जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आभाळाकडे तोंड करून, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी मोठ्या चिकाटीने ऐकत असतात. इतकं जुनं ऐकून घेण्याची सोय हाकेच्या अंतरावर असताना सत्तरीतल्या माणसाचं ऐकायला घरात कुणी मोकळं नसावं, ही गंमत मला नेहमी वाटे.

हार घालणं स्वस्त असतं, हा त्यातला मुद्दा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तिथल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, लोकांनी त्यांना तमाशासम्राज्ञी म्हटलं. पण २००२ साली त्या गेल्या, त्याआधीचे त्यांचे दिवस हलाखीत गेले. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. मान देताना आपला हात कधी आखडत नाही. तो आखडतो ते पुढच्या खर्चाच्या वेळी. बैलपोळ्याची रीत मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. त्या दिवशी बैलाला हार, पुरणपोळी आणि पूर्ण सुट्टी. पण दुसऱ्या दिवशी त्याला कुणीतरी हाक मारणार आहे, हे बैलालाही ठाऊक असतं.

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला. माणसं टोमॅटोकडे सोन्याकडे बघावं तशी बघू लागली. भाड्याची गाडी मिळेना. तेव्हा धाकट्या मुलाला चिंचेखालच्या पिकअपची आठवण झाली आणि त्याने मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री आले, बोनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "कुणी सेल्फ मारला नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. मग मला, मी शहरातला सुशिक्षित माणूस म्हणून, जे समजावून सांगितलं ते असं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. पण दाब धरायला पिस्टनच्या रिंगा मोकळ्या हव्यात. रिंगा मोकळ्या राहायला त्यांना तेल मिळायला हवं. आणि तेल वर चढायला इंजिन फिरायला हवं. म्हणजे इंजिन चालण्यासाठी मुळात ते चालत असावं लागतं. उभं राहिलं की तेल खाली निथळतं, दमट हवा आत शिरते आणि रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात.

आता पाहा, या गाडीला आठ वर्षांत कुणी वाईट वागवलं नव्हतं. खड्ड्यात घातली नव्हती, जादा माल भरला नव्हता, घाटात तापवली नव्हती. तरी क्लच प्लेट फ्लायव्हीलला घट्ट बसली होती, ब्रेक जाम झाले होते, टायरांना भेगा गेल्या होत्या. टाकीतल्या डिझेलखाली पाणी साचलं होतं आणि वरच्या डिझेलला रंगाच्या जुन्या डब्याचा वास येत होता. उंदरांनी वायरिंग खाऊन एअर फिल्टरमध्ये प्रशस्त संसार थाटला होता. सतरा वर्षं माळशेजने जे केलं नाही, ते आठ वर्षं चिंचेच्या सावलीने केलं. चंदनासारखं झिजावं, असा सुविचार शाळेच्या फळ्यावर आपण सर्वांनी वाचला आहे. लोखंडासारखं गंजावं, असं कुठल्याच फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. पण प्रेमाच्या माणसांसाठी आपण नेमकी तीच व्यवस्था करतो.

म्हणून वृद्धांना उद्यापासून नांगराला जुंपा, असं मी म्हणतो आहे असं कृपा करून समजू नका. तसा उत्साही वर्गही आपल्याकडे आहे. ऐंशीच्या आजोबांना टेकडीवर पळवत नेतात आणि "वय हा फक्त आकडा आहे" असं त्यांना धाप लागलेली असताना ऐकवतात. मिस्त्रींना दोन्ही वर्ग नामंजूर होते. धाकट्याला टोमॅटोची घाई, तो म्हणाला, "दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढू या, होईल चालू." मिस्त्री म्हणाले, "होईल की. आणि रिंगा तुटून हातात येतील. आधी इंजिनाला विचारायचं असतं."

इंजिनाला विचारायची पद्धत अशी. नोझल काढायचे आणि त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल आणि डिझेल सोडायचं. मग गप्प बसायचं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. त्यानंतर पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हाताने हलकेच जोर द्यायचा. हललं तर हललं. नाही तर पुन्हा तेल, पुन्हा गप्प. पाचव्या दिवशी पाना बोटभर सरकला. मिस्त्री म्हणाले, "हां, आहे मनात."

याच सुमारास बाजेवरून पहिला आवाज आला. "काट्यावर भरवसा ठेवू नका. अर्ध्यावर दिसला की टाकी रिकामी समजायची." सगळ्यांनी माना वळवल्या. मग मिस्त्री उठून ओसरीपाशी गेले आणि त्यांनी सरळ मामांनाच विचारायला सुरुवात केली. क्लच कितीला धरायचा, गरम झाल्यावर आवाज कुठून यायचा, चौथा गिअर अडायचा का. मामा सुरुवातीला एका शब्दात उत्तर देत होते, दुसऱ्या दिवशी वाक्यात देऊ लागले आणि तिसऱ्या दिवशी चपला घालून चिंचेखाली आले. मामी आतून ओरडल्या, "अहो, ऊन आहे!" मामा म्हणाले, "असू दे. काल पण होतं."

नवी बॅटरी आली, टायर आले, रबरी पाइप बदलले, टाकी धुऊन झाली. डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा काढायला अर्धा दिवस गेला, कारण हवेचा बुडबुडा राहिला तर हे अवाढव्य धूड रुसून बसतं. शेवटी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, चिंचेवरचे कावळे उडाले, अंगण पांढऱ्या धुराने भरलं आणि धुरातून धड-धड-धड असा आवाज येऊ लागला. मामा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "तीन नंबर मागे आहे." मिस्त्रींनी तपासलं. तीन नंबरचाच नोझल नीट मारत नव्हता.

कागदांचं काम त्याहून लांबलं. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग करावं लागतं आणि हिचं तर कित्येक वर्षांत झालं नव्हतं. अंगणात धडधडणारी गाडी कागदावर मृतवत होती. आंबेगावच्या माणसाला याचं नवल वाटायला नको. ज्याच्या नावाने तालुका चालतो ते आंबेगाव स्वतः डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आहे, कचेरी घोडेगावला. तिथे गाव नाही आणि नाव आहे, इथे गाडी आहे आणि नोंद नाही, इतकाच फरक. मात्र कायद्याचं एक मला आवडलं. २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढायचं जे राष्ट्रीय धोरण आलं, त्यात तुमच्याआमच्या गाडीला नुसत्या वयावरून घरी बसवत नाहीत, आधी तपासतात. नुसत्या वयावरून निवृत्ती आहे ती सरकारच्या स्वतःच्या गाड्यांना. पंधरा वर्षं भरली की बाद, २०२३ च्या १ एप्रिलपासून. सरकारी नोकरीचे नियम चाकांनाही सारखेच, हे न्यायाला धरूनच झालं.

हे सगळं होईपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि टोमॅटोचा भाव असा आपटला की तोडणीची मजुरी निघेना. धाकट्याने हिशेब मांडला. दुरुस्तीला लागलेल्या पैशात दोन हंगाम भाड्याची गाडी परवडली असती. व्यवहाराच्या दृष्टीने हे सगळं बिनडोकपणाचं ठरलं. एकदा हिशेबाचा टेकू निघाला की प्रश्न मात्र स्वच्छ उरतो. एखाद्याला काम द्यायचं ते आपल्याला गरज आहे म्हणून, की ते त्याचं आहे म्हणून? मला वाटतं, आराम काय आणि काम काय, दोन्ही आपण दुसऱ्याला परस्पर वाटून देण्याच्या गोष्टी नव्हेत. आधी पाना लावून हलकेच बघावं लागतं. यंत्राच्या बाबतीत ते हाताने करायचं असतं, म्हणून सोपं. माणसाच्या बाबतीत तोंडाने विचारायचं असतं, आणि उत्तर आपल्याला गैरसोयीचं येण्याची शक्यता असते. "नको, मला खरंच पडू द्या" हेही उत्तर असू शकतं, आणि "मला मार्केटला यायचंय" हेही.

पिकअपचं पासिंग झालं त्या दिवशी थोरल्याने, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं, "आबा, चालवता का?" मामांनी क्षणभर गाडीकडे पाहिलं. म्हणाले, "रात्रीचं दिसत नाही मला आता. नात चालवेल. मी शेजारी बसतो."

नातीकडे परवाना आहे आणि तिचा हात चांगला आहे, पण शेजारी बसणं हे किती कष्टाचं काम असतं ते मामांकडूनच शिकावं. रोज सकाळी तिला ऑइलची कांडी काढून दाखवावी लागते. नारायणगावच्या बाजारात क्रेट उतरले की दुपारी मामा केबिनमध्ये पाय लांब करून तासभर गाढ झोपतात. घरच्या बाजेवर पंख्याखाली त्यांना दुपारची झोप येत नाही, अशी मामींची आठ वर्षांची तक्रार होती. इथे हमालांचा आरडाओरडा चालू असतो, उन्हाने पत्रा तापलेला असतो आणि मामा घोरत असतात. उठवायला गेलेल्या नातीला ते डोळे न उघडता सांगतात, "थांब जरा. आराम करतोय."

त्या दसऱ्याला गाडी माल घेऊन गेलेली होती. पूजेचा मुहूर्त टळून गेला. संध्याकाळी ती आली तेव्हा बोनेट इतकं तापलं होतं की घातलेला हार तासाभरात सुकून काळा पडला. चाकाखालचं लिंबू दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चिरडलं गेलं. सरबत झालं नाही.