कापलेला कनेक्टर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या तात्यांच्या गॅरेजात एक जुनी जिप्सी आली होती. रविवारी ऑटोक्रॉस होता. 1.3 लिटरचं इंजिन मालकाने आधीच बांधून आणलं होतं: वाढीव कॉम्प्रेशनचे पिस्टन, वेगळा कॅमशाफ्ट. कंपनीचा कॉम्प्युटर काढून बाजारातला स्टँडअलोन ईसीयू बसवायचा आणि मॅप करून द्यायचा, एवढं काम उरलं होतं. तात्यांनी ते हाताखालच्या संजूवर सोपवलं. लॅपटॉपवर त्याचा हात चांगला बसला होता.

गाडीचा मूळचा ऑक्सिजन सेन्सर अशा कामाला उपयोगाचा नसतो. त्याचा व्होल्टेज 0.1 ते 0.9 च्या दरम्यान उड्या मारतो. मिश्रण रिच आहे की लीन एवढंच तो सांगतो, किती ते सांगत नाही. फुल थ्रॉटलला लॅम्ब्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण (1 ला नेमकं, त्याखाली रिच), 0.85 आहे की 0.95 हे कळायला वाइडबँड सेन्सरच लागतो. या ईसीयूत वाइडबँडचा कंट्रोलर आतच होता आणि पुस्तकात सेन्सरही स्पष्ट दिला होता: बॉशचा एलएसयू 4.9. त्याच्या आधीचा 4.2 चालत नाही. सेन्सरच्या आतल्या सेलच्या रोधावरून कंट्रोलर त्याचं तापमान ओळखतो, 4.9 ला हा रोध 300 ओहमवर धरायचा असतो आणि 4.2 ला 80 वर.

मालकाने खर्च आवरायला सांगितलं होतं. संजूने भंगार बाजारातून, एका फोडलेल्या परदेशी गाडीचा 4.9 आणला. नंबर बरोबर, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. फक्त त्याच्या सहा पिनांच्या कनेक्टरची जोडी कुठे मिळेना. सेन्सरमधून तारा तर पाचच येत होत्या. त्याने कनेक्टर कापून टाकला आणि पाच तारा एका गोल वॉटरप्रूफ कनेक्टरला सोल्डर केल्या. काम इतकं सुबक होतं की बघणाऱ्याला शंका येऊ नये.

तरी संजू आंधळा नव्हता. शेजारच्या गॅरेजचा चांगला मीटर मागून आणून त्याने आयडलला पडताळणी केली. दोन्हीकडे 1.00. मग गाडी जोतिबाच्या चढावर काढली. फुल थ्रॉटलला स्क्रीन 0.82 दाखवत होती, म्हणजे गरजेपेक्षा रिच. त्याने पेट्रोल कमी करत करत आकडा 0.87 वर आणला. जिप्सी अशी पळाली की शेजारी बसलेला मालक तिथेच खूश झाला.

गाडी परत आल्यावर तात्यांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी स्पार्क प्लग काढायला सांगितले. चारही प्लगांचं पोर्सिलीन चुन्यासारखं पांढरं पडलेलं. एकावर बारीक, चकाकणारे रवे होते. ॲल्युमिनियम! म्हणजे पिस्टनने मार खायला सुरुवात केली होती.

"काय रं, रिच हाय म्हणतोस नव्हं?"

"तात्या, स्क्रीन 0.87 दाखवतीय. शेजारच्या मीटरशी जुळवून घेतलंय मी."

"कुठं जुळवलंस?"

"आयडलला."

"आयडलला जुळणारच की. काढ तो सेन्सर आणि धर मोकळ्या हवेत."

संजूने सेन्सर काढला, दारात धूर नसलेल्या जागी धरला, हीटर चालू केला. थोड्या वेळाने स्क्रीनवर ऑक्सिजनचा आकडा स्थिरावला: 33 टक्के. उघड्या हवेत ऑक्सिजन 21 टक्क्यांच्या आतबाहेर असतो. संजू आकड्याकडे बघत उभा राहिला.

वाइडबँडमधला एक छोटा पंप ऑक्सिजन आत किंवा बाहेर ओढतो, आणि त्यासाठी किती करंट लागला यावरून लॅम्ब्डा निघतो. सिरॅमिकचा प्रत्येक तुकडा कारखान्यात थोडा वेगळा उतरतो. तो फरक भरून काढायला बॉश कनेक्टरच्या पोटात एक छोटा रेझिस्टर बसवते, त्या एका सेन्सरसाठी लेझरने मापात आणलेला. सहावी पिन त्याचीच. कनेक्टर कापला तेव्हा तो कचऱ्यात गेला, आणि हा ईसीयू त्याच्यावरच विसंबून होता. त्यामुळे करंटचं माप दीडपटीच्या वर चढून दिसत होतं. लॅम्ब्डा 1 ला करंट जवळपास शून्यच असतो. शून्य कितीही पट केलं तरी शून्यच. म्हणून आयडलला सगळं बरोबर होतं. चढावर, इंजिनावर जोर आला तेव्हा मात्र 0.92 चं मिश्रण 0.87 दिसलं.

तात्या रागावले नाहीत. मालकाला फोन मात्र त्यांनी संजूलाच करायला लावला. संजूने सगळं सरळ सांगितलं: चूक माझी, गाडी रविवारी मिळणार नाही, नवा सेन्सर लागेल, आणि पिस्टन बघण्यासाठी आधी हेड उघडावं लागेल.

नवा 4.9 मूळ कनेक्टर आणि त्याच्या जोडीसकट मागवला. तो येईपर्यंत तात्यांनी बाकीचं तपासून घेतलं. एक्झॉस्टवरची सेन्सरची जागा वरच्या बाजूला आणि आडव्यापासून किमान दहा अंश तिरकी हवी, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. हीटर पूर्ण जोरात लावायचा तो इंजिन सुरू झाल्यावरच. तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला की तडा जातो. सेन्सरच्या आधी पाइपात गळती असेल तर बाहेरची हवा आत येऊन मिश्रण खोटंच लीन दिसतं. म्हणून त्यांनी मॅनिफोल्डचं गास्केटही बदललं. स्क्रीनवर एअर-फ्युएलचा आकडा नको, लॅम्ब्डाच ठेव, असंही बजावलं. पंपावरच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला शुद्ध पेट्रोलचं 14.7 हे प्रमाण लागू पडत नाही. तिथे ते साडेतेराच्या आसपास येतं.

नवा सेन्सर आला तो संजूने आधी दारात धरला. 20.9. मग पहिल्यापासून मॅप केला.

जुना सेन्सर भंगारवाला अर्ध्या पैशांत परत घ्यायला तयार होता. "दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनात जाईल तात्या," म्हणत संजूने तो व्हाइसमध्ये धरला आणि हातोड्याने फोडला.

मालकाच्या बिलात नव्या सेन्सरची पूर्ण किंमत लागली. हेड उघडल्याचे आणि दुसऱ्यांदा मॅप केल्याचे पैसे गॅरेजने लावले नाहीत.