वांझ म्हणावे कोणाला?

ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो. ते आजन्म ब्रह्मचारी. शके १२१८ मध्ये ऐन तारुण्यात आळंदीस समाधिस्थ झाले. मूलबाळ नव्हते म्हणून त्यांचे माउलीपण कोणा वारकऱ्याने कमी लेखले नाही. गळ्यात तीच तुळशीची माळ, आणि घरच्या सुनेला मात्र आपण वांझ म्हणतो. सज्जनहो, हे कसे जमते?

सप्ताहानिमित्त महाड-पोलादपूरच्या वाड्या आम्ही हिंडतो. कीर्तन आटोपले की एखादी बाई मागे रेंगाळते. पाया पडताना हळूच विचारते, "बुवा, माझा कोणता नवस राहिला असेल हो?" तिचे गुरुवार झालेले असतात, औदुंबराच्या प्रदक्षिणा झालेल्या असतात, भगताचा अंगाराही खाऊन झालेला असतो. दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन ती सगळ्यांपुढे चालते, पण शेजारच्या डोहाळजेवणाला तीस बोलावणे नाही. आम्ही विचारतो, "बाई, मालक कुठे असतात?" उत्तर बहुधा ठरलेले: "मुंबईला. गणपतीला येतात नि शिमग्याला."

सुश्रुताचार्य शारीरस्थानात सांगतात, अंकुराला ऋतू, क्षेत्र, अंबु म्हणजे पाणी, आणि बीज ही चारही लागतात. तशीच ती गर्भालाही. यांतले एकट्या बाईच्या हातात कितीसे? आजचे वैद्यक म्हणते, महिन्यात गर्भ राहण्याजोगे दिवस जेमतेम सहा. वर्षभर एकत्र नांदूनही दिवस गेले नाहीत तर दोघांनी तपासून घ्यावे. इकडे नवरा येऊन-जाऊन वर्षाला वीस दिवस घरी! पाच वर्षांत झाले शंभर. तेवढ्यावर सासूबाई निकाल देऊन मोकळ्या! शिवाय जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते, हे कोण बोलतो? अयोध्येत पुत्रासाठी यज्ञाला दशरथ स्वतः बसला. कौसल्येला त्याने माहेरी धाडले नाही.

पांडुरंगापाशी जरूर मागावे, रडावेही. आईपाशी नाही तर कुठे रडायचे? पण तपासणीचे काम नवसावर ढकलू नये.

येत्या शिमग्याला पोरगा पालखी नाचवायला येईल, तेव्हा दोघांना जोडीने डॉक्टरकडे धाडावे. पुरुषाची पहिली तपासणी सोपी; एक नमुना द्यायचा, टाका नाही, भूल नाही. परतताना सुनेलाही त्याने सोबत न्यावे. मुंबईतली खोली अपुरी, हे आम्ही जाणतो. शेती नि गुरे कोण बघणार, असे म्हातारा विचारीलच. एक-दोन हंगाम जावांनी, भावकीने बघावीत.